घरांतील हस्तव्यवसाय : जुन्या कवाडाचें टेबल

घर बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे गृहस्थास ज्या वस्तूंची सर्वांत आधीं अडचण वाटूं लागते, त्यांत जुन्या लांकडाचा क्रमांक पहिला लागतो. पुणें, नाशिक, सातारा, वाई ह्या बाजूचे जुने वाडे अलीकडे एकामागून एक उतरविले जात आहेत, व त्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती उठत आहेत. वाडा उतरतांना त्याचीं कवाडें, चौकटी, तुळया, वासे आणि कडीपाटाच्या फळ्या ह्यांचा बहुधा एकत्र सौदा होतो. आणि कोणतें लांकूड कोणत्या प्रतीचें आहे हें मालकास कळण्यापूर्वींच तें गाडींत चढलेलें असतें. पुढें तेंच कुटुंब दुकानांत जाऊन नव्या घराकरितां टेबल विकत घेतें. तें दिसावयास चकचकीत असतें. परंतु पुष्कळदां त्याच्या पोटांत लांकडाचा भुसा रसायनाच्या साह्यानें दाबून बसविलेला असतो, व वर लांकडाचें चित्र छापलेला कागद. एखाद्या कडेचा कागद सुटून आंत पाणी शिरलें कीं तो भुसा फुगतो, आणि एकदां फुगला कीं पुन्हा बसत नाहीं. शंभर वर्षांचा साग विकून भुसा विकत घेण्याचा हा व्यवहार आम्हांस नेहमींच चमत्कारिक वाटत आला आहे. म्हणून ह्या महिन्यांत जुन्या लांकडापासून घरच्या घरीं मजबूत टेबल कसें करावें, ह्याचा थोडा विस्तारानें विचार करावयाचें योजिलें आहे.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, टेबल ही वस्तु आपल्या घरांतली मूळची नव्हेच. पाट आणि चौरंग एवढ्यावर आपल्या वाडवडिलांचें भागलें. शंका खरी आहे. परंतु साठीनंतर ज्यांचे गुडघे मांडी घालूं देत नाहींत, त्यांना पंक्तींतून उठवून कोपऱ्यांतल्या खुर्चीवर एकटें जेवावयास बसविणें, हें कांहीं वाडवडिलांच्या रीतीचें पालन नव्हे. पंगत ही आपली खरी ठेव; पाट हें तिचें केवळ साधन. साधन बदलून पंगत टिकत असेल तर तें खुशाल बदलावें, असें आमचें मत आहे.

दुसरी शंका अशी कीं, हें काम सुताराचें. तें आपण कां करावें? पांढरपेशा घरांत हा प्रश्न हटकून निघतो, म्हणून त्याचाहि निकाल आधींच लावूं. ऋग्वेदांतील ऋषि आपल्या सूक्ताची रचना रथ घडविणाऱ्या कुशल कारागिराच्या कामाशीं ताडून पाहतात, आणि त्यांत त्यांस कमीपणा वाटत नाहीं. चौसष्ट कलांच्या यादींत तक्षण, म्हणजे सुतारकाम, गायनवादनाच्याच पंक्तीस बसलें आहे. पाणिनीनें तर अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांत 'ग्रामतक्ष' आणि 'कौटतक्ष' हे दोन शब्द साधण्याकरितां एक स्वतंत्र सूत्र खर्चिलें आहे. ग्रामतक्ष म्हणजे साऱ्या गांवाचें काम करणारा सुतार, आपल्या बारा बलुतेदारांतला; कौटतक्ष म्हणजे आपल्या कुटींत बसून, कोणाचा बांधलेला न राहतां काम करणारा. शास्त्र्यांच्या घरांतून हें सूत्र पिढ्यान्पिढ्या पाठ झालें. पण पटाशी धरण्याची वेळ आली कीं ती दुसऱ्याच्या हातीं दिली गेली. सुताराकडून आपण काम घेतलें, विद्या घेतली नाहीं; आणि विद्यावंताचा मान तर त्यास दिलाच नाहीं. त्याची अंशतः भरपाई व्हावी म्हणून तरी प्रत्येक घरांत एक कौटतक्ष निपजावा.

जुन्या लांकडाचें टेबल म्हणजे दारिद्र्याचें लक्षण, असा कोणाचा समज असल्यास तोहि सोडून द्यावा. इंग्रजांचें 'रेझोल्यूट' नांवाचें जहाज १८५४ सालीं उत्तर ध्रुवाकडील बर्फांत सोडून द्यावें लागलें. पुढल्याच वर्षीं तें देवमाशांची शिकार करणाऱ्या एका अमेरिकन जहाजास वाहत असलेलें सांपडलें, व अमेरिकेनें तें दुरुस्त करून १८५६ सालीं इंग्लंडास परत पाठविलें. १८७९ सालीं तें मोडीत निघालें, तेव्हां त्याच्या ओक लांकडाचें टेबल करवून राणी व्हिक्टोरियानें १८८० सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांस नजर केलें. त्या टेबलाशीं बसून पुढें अनेक अध्यक्षांनीं राज्यकारभार पाहिला. हें उदाहरण मानाचें झालें. कामाचें उदाहरणहि त्याच देशांत आहे. लुईझ ब्रिगम नांवाच्या बाईनें मालाच्या रिकाम्या खोक्यांपासून घरचें सामान करण्याच्या शंभर कृति सांगणारें पुस्तक १९०९ सालीं प्रसिद्ध केलें, व सामान्य गृहिणीच्या हातीं करवत दिली.

परंतु दूरचीं उदाहरणें पुरेत. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांत जें घडलें तें ह्या विषयास अधिक जवळचें आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेंत तिघां भावांचा एक वाडा होता. तो उतरविण्याचें ठरलें, व नव्या इमारतींत तिघांस तीन निराळ्या सदनिका मिळावयाच्या होत्या. भांड्याकुंड्यांची वांटणी सलोख्यानें झाली. अडलें तें माजघराच्या दोन झडपांच्या सागवानी कवाडापाशीं. थोरल्यांचें म्हणणें, तें जसेंच्या तसें आपल्या नव्या दिवाणखान्यांत भिंतीस टांगावें. धाकट्यांनीं जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून किंमत काढून आणिली होती. त्यांचें म्हणणें, विकावें आणि पैसे तिघांनीं वांटून घ्यावे. मधले दोघांसहि भीत होते. पंधरा दिवस भावाभावांचें बोलणें कामापुरतें उरलें. शेवटीं थोरल्या वहिनी धाकट्या दिरास म्हणाल्या, "भाऊजी, दार विकून आलेले पैसे महिन्याभरांत कुठं गेले तें कुणाला कळायचंहि नाहीं. आणि तुमच्या दादांच्या म्हणण्याप्रमाणं भिंतीला टांगलं, तर त्यावरची धूळ रोज मलाच पुसायची आहे. त्यापेक्षां ज्यावर पोरं आणि आत्याबाई एकत्र जेवतील असं कांहीं तरी करा." ह्या आत्याबाई म्हणजे तिघां भावांची वडील आत्या, वय ८० च्या पुढें, आणि गुडघे गेल्यापासून त्यांचें ताट खाटेवरच जात असे.

आम्हांस हत्यारांचा नाद असल्याचें त्यांस ठाऊक होतें. म्हणून तिघेहि मिळून आमच्याकडे आले. पंधरा दिवसांत तिघे एकत्र कोठें गेल्याचा तो पहिलाच प्रसंग होता. प्रथम अडचण निघाली ती करारांत. उतरविलेलें सर्व लांकूड ठेकेदाराचें, असें त्यांत लिहिलेलें होतें. पाडकाम सुरू झालेलें नसल्यामुळें बोलणें करून तें कवाड, एक चौकट आणि कडीपाटाच्या सहा फळ्या लेखी वगळून घेतां आल्या. ज्यांचे वाडे अद्याप उभे आहेत त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें : घरांतील कोणतें लांकूड आपण ठेवून घेणार, तें सही करण्यापूर्वीं मोजून लिहून घ्यावें.

लांकडाची पारख

जुन्या सागाचा मोठा गुण असा कीं, तें वर्षानुवर्षें वाळून स्थिर झालेलें असतें. नव्या लांकडासारखें तें पिळवटत नाहीं. त्याच्या अंगच्या तेलामुळें त्याचा गाभा वाळवीस सहसा दाद देत नाहीं. मुंबईच्या गोदींत वाडियांनीं बांधलेलें 'त्रिंकोमाली' हें सागवानी जहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें, आणि तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे. परंतु जुनें तेवढें सोनें असें समजूं नये. प्रत्येक तुकडा बोटांच्या पेरांनीं ठोकून पाहावा. निरोगी लांकूड खणखणीत बोलतें, पोखरलेलें बद्द वाजतें. चाकूचें टोंक सहज आंत जात असेल तर तो भाग टाकावा. बारीक भोंकें दिसलीं व त्यांखालीं ताजी पिठी पडत असली, तर कीड अद्याप जिवंत आहे असें समजावें. सागाच्या गाभ्याभोंवतीं फिकट रंगाचा जो भाग असतो तो किडीस आवडतो. तो शक्य तितका कापून काढावा. चौकटीच्या उभ्या लांकडांचीं खालचीं टोंकें ओलीनें कुजलेलीं असण्याचा संभव फार. तीं वीतभर कापून टाकावींत. सागांत वाळूचा सूक्ष्म अंश असतो, म्हणून रंध्याची व पटाशीची धार लवकर जाते. सहाण जवळच ठेवावी.

खिळे आणि रंग

लांकडांत लपलेला एक खिळा करवतीचे दांत घालवितो, आणि यंत्राची करवत असेल तर मनुष्यासहि इजा करतो. म्हणून चांगलें लोहचुंबक घेऊन प्रत्येक फळीवरून फिरवावें, व जेथें तें ओढ घेईल तेथें खडूची खूण करावी. खिळ्याचें टोंक पलीकडून दिसत असल्यास तें आधीं हातोडीनें मागें ठोकावें, मग डोकें वर आल्यावर जंबुरानें धरून, खालीं लांकडाचा तुकडा ठेवून उपटावा. हें काम करतांना डोळ्यांस चष्मा असावा.

रंगाची गोष्ट ह्याहून गंभीर आहे. जुन्या तेलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षां अधिक असूं नये, असा नियम २०१६ सालीं झाला व २०१७ पासून अंमलांत आला. त्यापूर्वींच्या रंगाची खात्री देतां येत नाहीं. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूस व गर्भास अपाय करते. म्हणून जुना रंग कोरडा घासूं नये आणि जाळूंहि नये. तो पाण्यानें ओला करून खरवडावा, खालीं जुना कागद पसरावा, नाकातोंडास मुखपट्टी बांधावी, लहान मुलांस व गर्भवतींस त्या जागेपासून दूर ठेवावें, आणि खरवडलेला चुरा कागदासकट गुंडाळून बंद पिशवींत टाकावा. सदाशिव पेठेंतल्या कवाडास एका बाजूनें हिरवा रंग होता. तो ओला करून काढण्यांत दोन रविवार गेले. पण घरांत तीन मुलें असल्यामुळें तेवढा वेळ देणें भागच होतें.

मापें

टेबलाशीं बसून जेवणाऱ्या प्रत्येकास ६० सेंटिमीटर रुंदीची जागा लागते. १८० सेंटिमीटर लांब व ९० सेंटिमीटर रुंद अशा टेबलाच्या लांब बाजूंस तिघे तिघे, आणि दोन्ही टोंकांस एक एक, अशीं आठ माणसें बसतात. उंची ७५ सेंटिमीटर असावी. खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटिमीटरांवर असते, म्हणजे दोहोंत ३० चें अंतर राहतें व हात अवघडत नाहीं. वरचा फळा ३ सेंटिमीटर जाड आणि त्याखालची आडपट्टी १० सेंटिमीटर रुंद धरिली, तर गुडघ्यांकरितां ६२ सेंटिमीटर मोकळे उरतात. तेवढे पुरतात.

ह्या मापांस सामान असें लागलें : कवाडाच्या दोन झडपा शेजारीं शेजारीं ठेविल्या कीं १८० बाय ९० चा फळा होतो. चौकटीच्या प्रत्येक उभ्या लांकडांतून, कुजलें टोंक टाकून, ७२ सेंटिमीटरांचे दोन पाय निघतात. असे दोहोंतून चार. कडीपाटाच्या फळ्यांतून चारी पायांस वरून जोडणाऱ्या चार पट्ट्या. ह्यांसच आम्ही आडपट्ट्या म्हटलें आहे. विकत घ्यावें लागलें तें सरस, स्क्रू, कांचकागद आणि तेल एवढेंच.

सांधे

आतां मुख्य गोष्ट. टेबल मजबूत होतें तें जाड लांकडानें, असा सर्वांचा समज असतो. आमच्या स्नेह्यांनीं दोन दिवसांची मजुरी देऊन एक वृद्ध मिस्त्री काम करण्याकरितां नव्हे, तर शिकविण्याकरितां बोलाविले. त्यांनीं पहिल्याच दिवशीं सांगितलें, "लाकूड मोडत नाही, मास्तर, सांधा मोडतो." ह्या एका वाक्यांत सारें शास्त्र आहे. टेबलास कडेनें धक्का बसला कीं पाय तरफेचें काम करतो. पाऊण मीटर लांबीच्या त्या तरफेचा सगळा जोर आडपट्टी आणि पाय ह्यांच्या सांध्यावर येतो. सांधा उथळ असेल तर आयताचा समांतरभुज चौकोन होऊं लागतो, आणि टेबल डोलूं लागतें.

ह्यावर तीन उपाय आहेत. पहिला असा कीं, आडपट्टी उभ्या धारेवर बसवावी. १० सेंटिमीटर रुंद व अडीच सेंटिमीटर जाड अशी एखादी पट्टी आडवी निजविली तर जेवढी वांकेल, तिच्या सोळाव्या हिश्शानेंच ती उभ्या धारेवर वांकते. लांकूड तेंच, केवळ ठेवण्याची रीत निराळी. दुसरा उपाय म्हणजे खिळ्यांवर विसंबूं नये. लांकडाच्या टोंकांत, तंतूंच्या दिशेनें ठोकलेला खिळा फारसा धरीत नाहीं. धक्क्याधक्क्यानें तो सैल होतो. म्हणून आडपट्टीच्या टोंकास कुसूं काढावें आणि पायांत त्याच्या मापाचें भोंक पाडून तें त्यांत बसवावें. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी व लांबी चार सेंटिमीटर असावी. भोंक विजेच्या गिरमिटानें पाडून पटाशीनें चौकोनी केल्यास श्रम वांचतात. कुसूं हातानें दाबून आंत गेलें पाहिजे. हातोडा मारावा लागला तर पाय चिरेल, आणि आपोआप पडलें तर सांधा निकामी. सरस लावून झाल्यावर पाय व कुसूं ह्यांतून आरपार बांबूची खुंटी मारावी. कुसवांतलें भोंक पायांतल्या भोंकापेक्षां किंचित्, एक मिलिमीटरभर, आंतल्या बाजूस ठेविलें, म्हणजे खुंटी आंत जातांना सांध्यास आवळून घेते. तिसरा उपाय, प्रत्येक कोपऱ्यांत आंतून तिरका ठोकळा दोन्ही आडपट्ट्यांस स्क्रूनें बसवावा. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाहीं, हें आपण शाळेंतच शिकलेले असतों.

सांगाडा चौरस बसला कीं नाहीं हें सरस वाळण्यापूर्वीं पाहावें. त्यास गुण्या पुरत नाहीं, दोरी घ्यावी. दोन्ही कर्ण दोरीनें मोजावे. ते समान भरले म्हणजे कोपरे काटकोनांत आहेत. एखादाच कोपरा तपासावयाचा असल्यास एका बाजूवर ३०, दुसरीवर ४० सेंटिमीटरांवर खूण करावी, मग दोन खुणांमधील अंतर बरोबर ५० भरलें पाहिजे. बौधायनाच्या शुल्वसूत्रांत वेदी आंखण्याकरितां हेंच ३ आणि ४ चें प्रमाण दिलें आहे. आणि शुल्व म्हणजे तरी दोरीच. मधल्या भावाची मुलगी यंदा दहावींत होती. भूमितीच्या पुस्तकांतला तो सिद्धान्त तिनें त्या दिवशीं सुतळीनें मोजून पाहिला, आणि एक कोपरा चार मिलिमीटरांनीं चुकत असल्याचें तिनेंच दाखवून दिलें.

वरचा फळा

फळा सांगाड्यावर खिळ्यांनीं किंवा सरसानें पक्का करूं नये. लांकूड लांबींत जवळजवळ वाढत नाहीं, पण रुंदींत तें ऋतूप्रमाणें कमीअधिक होतें. ९० सेंटिमीटर रुंदीचा फळा पावसाळ्यांत अर्ध्या सेंटिमीटरापर्यंत रुंदावूं शकतो. त्यास चारी बाजूंनीं जखडलें तर तो मध्येंच चिरतो किंवा वांकतो. म्हणून आडपट्ट्यांच्या आंतल्या अंगास खांचा पाडाव्या, लांकडाच्या लहान गिट्ट्या करून त्यांचें एक टोंक खांचेंत सरकतें ठेवावें व दुसरें फळ्यास खालून स्क्रूनें बसवावें. फळा खालीं घट्ट ओढला जातो, पण त्यास रुंदावण्यास जागा राहते. मिस्त्री म्हणाले, "पावसाळ्यात त्याला अंग पसरायला जागा ठेवा, नाहीतर एकत्र राहणार नाही, फुटेल." हें ऐकून धाकटे थोरल्यांकडे पाहून हंसले. तीन निराळ्या सदनिकांबद्दल थोरल्यांच्या मनांत जी अढी होती ती तेवढ्यानें गेली, असें आम्ही म्हणत नाहीं. पण तें वाक्य पुढें त्या घरांत पुष्कळदां ऐकूं आलें.

ह्या रीतीचा आणखी एक लाभ आहे. एवढ्या आकाराचा सागवानी फळा एकटाच सुमारें ३० किलो वजनाचा भरतो. गिट्ट्या सोडविल्या कीं तो निराळा होतो, व टेबल जिन्यावरून आणि अरुंद दारांतून दोन खेपांत नेतां येतें. ज्या घरास पुन्हा बिऱ्हाड हलवावयाचें आहे त्यास ही सोय मोठी.

झडपांच्या मागच्या जुन्या पट्ट्या काढून, फळ्यांच्या कडा रंध्यानें सरळ करून, त्या एकमेकींस सरसानें जोडाव्या आणि रात्रभर दाबून ठेवाव्या. सपाट बाजू वर घ्यावी. कोरीव बाजूच्या खांचांत आमटी सांठते. कडीकोयंड्याचें भोंक तेवढें उरलें होतें. तें बुजवावयास शिसवाचा एक काळा तुकडा बसविला. तो आतां आत्याबाईंच्या ताटासमोर येतो, आणि कडी कोणत्या हातानें लागत असे तें त्या नातवंडांस सांगतात.

डुगडुग

तिवई कधीं डुगडुगत नाहीं, कारण कोणतेहि तीन बिंदु एका पातळींत असतातच. चौथा पाय आला कीं भांडण सुरू होतें. तेव्हां पाय कापण्याची घाई करूं नये. प्रथम फरशीच उंचसखल नाहीं ना तें पाहावें. शहाबादी फरशींत हा दोष नेहमींचा. सपाट जागेवर टेबल ठेवून आंखूड पायाखालीं कागदाच्या घड्या सारून तें स्थिर करावें. मग एक लहान ठोकळा जमिनीवर सरकवीत, त्याच्या वरच्या कडेनें चारी पायांवर सर्व बाजूंनीं पेन्सिलीची रेघ ओढावी, व त्या रेघेवर चारी पाय कापावे. एकेक पाय अंदाजानें कापीत गेल्यास टेबलाचा चौरंग होतो.

तेलपाणी

शेवटीं कांचकागदानें तंतूंच्या दिशेनें घासून बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, पातळ हात द्यावा. पंधरा मिनिटांनीं वर राहिलेलें तेल फडक्यानें पुसून काढावें; एक दिवस जाऊं देऊन पुन्हा द्यावें. असे तीन हात पुरतात. येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य लक्षांत ठेवावी. जवसाच्या तेलानें भिजलेलीं फडकीं गोळा करून कोपऱ्यांत टाकल्यास तेल हवेंतील प्राणवायु घेतां घेतां तापतें, आणि ठिणगीवांचून तीं पेट घेऊं शकतात. अशीं फडकीं उघड्यावर एकेक पसरून वाळवावींत किंवा पाण्यानें भरलेल्या डब्यांत बुडवून ठेवावींत. सागाची बारीक धूळहि नाकास व कातडीस झोंबते. घासतांना मुखपट्टी काढूं नये.

सदाशिव पेठेंतल्या कुटुंबाचें टेबल नऊ रविवारांत पुरें झालें. सध्यां तें भाड्याच्या जागेंत आहे, व आत्याबाई त्याच्याशीं बसून सर्वांबरोबर जेवतात. नव्या इमारतींत तें कोणत्या सदनिकेंत ठेवावयाचें हें अजून ठरलेलें नाहीं. मात्र विकण्याचें किंवा टांगण्याचें नांव आतां कोणी काढीत नाहीं. ज्या वस्तूंत आपले नऊ रविवार गेले तिची किंमत व्यापाऱ्यास विचारावी, असें कोणासच वाटत नसावें.

ज्यांच्याजवळ वाडा नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. पुण्यांत रविवारीं व बुधवारीं भरणाऱ्या जुन्या बाजारांत जुनीं हत्यारें मिळतात, आणि इमारती उतरविणाऱ्यांच्या वखारींत चौकटी व कवाडें सुटीं मिळतात. कारखान्यांतून येणाऱ्या मालाच्या लांकडी चौकटी, ज्यांस पॅलेट म्हणतात, त्याहि उपयोगी पडतात. परदेशांतून आलेल्या पॅलेटवर बहुधा गव्हाच्या ओंबीचें चिन्ह व इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. लांकडी वेष्टनांतून कीड देशोदेशीं पसरूं नये म्हणून २००२ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा तो शिक्का. त्यांत 'एच टी' अशीं अक्षरें असल्यास तें लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णतेवर ३० मिनिटें तापविलेलें असतें, तें घ्यावें. 'एम बी' असल्यास त्यास मेथिल ब्रोमाइड ह्या विषारी वायूची धुरी दिलेली असते. तें घरांत आणूं नये. तेलाचे किंवा रसायनांचे डाग असलेलें कोणतेंहि लांकूड जेवणाच्या टेबलास वर्ज्य समजावें.

टेबल झाल्यावर पहिल्या पावसाळ्याच्या शेवटीं एकदां तें उलटें करून पाहावें : कोपऱ्यांतले स्क्रू सैल झाले असल्यास आवळावे, गिट्ट्या खांचेंत सरकतात कीं नाहीं तें पाहावें, आणि तेलाचा एक हात द्यावा. एवढी निगा वर्षांतून एकदां झाली कीं तें नातवंडांच्या नातवंडांस पुरेल. पायांचीं कापलेलीं टोंकें व फळ्यांचे तुकडे मात्र चुलींत घालूं नयेत. त्यांतून दोन पाट आणि एक व्यासपीठ कसें निघतें, तें पुढील महिन्यांत सांगूं.